टुडुकला परवानगी आहे का?

मी बोलतेय. हे म्हणतानाच मला जरा ओशाळल्यासारखं होतं, कारण आजवर माझ्यातून दुसरेच बोलत आलेत. मी एक वॉकीटॉकी. हातात मावणारी, काळी, डोक्यावर आखूड शेंडी असलेली. कडेचं बटण दाबायचं, बोलायचं. बटण सोडायचं, ऐकायचं. दोन्ही एकदम मला जमत नाही. बऱ्याच माणसांनाही जमत नाही, पण ते राहू दे.

माझं स्वतःचं म्हणावं असं एकच अक्षर माझ्यापाशी आहे. बटणावरून अंगठा उचलला की माझ्या पोटातून आवाज निघतो, ‘टुडुक’. जेमतेम पाव सेकंदाचा. त्याचा अर्थ एवढाच, की इकडचं बोलणं संपलं, आता तुमची पाळी. या पाव सेकंदावरून आमच्या लार्च क्रीकच्या खोऱ्यात काय काय झालं ते सांगायला मी इतकी उतावीळ झालेय की कुठून सुरुवात करू तेच कळत नाही. जन्मापासूनच करते.

माझा जन्म चीनमधल्या छ्वानचौ शहरात, एका लांबलचक खोलीत झाला. शेवटच्या टेबलावर निळी टोपी घातलेली एक बाई बसायची. तिने माझं बटण दाबलं, सोडलं, आणि मी आयुष्यातलं पहिलं टुडुक केलं. ती शेजारणीला म्हणाली, “ही बोलतेय गं!” आणि मला पुढे सरकवलं. दिवसभरात असे किती रेडिओ तिच्या हाताखालून जात असतील कोण जाणे, पण माझ्या वेळी ती हसली होती हे मला पक्कं आठवतं. किंवा मी तसं ठरवून टाकलं असेल. मग हुबेहूब माझ्यासारखी दिसणारी एक बहीण खोक्यात माझ्या शेजारी येऊन झोपली. आम्ही जोडीनेच विकल्या जातो.

समुद्र ओलांडून आम्ही आलो ते थेट आयडाहोच्या उत्तरेला, फर्न लॉकवुडच्या दुकानात. फर्नचं दुकान म्हणजे पोस्ट, पेट्रोल, कोंबड्यांचं खाद्य आणि खोऱ्यातल्या बातम्या, सगळं एका छपराखाली. तिथून आम्हाला लेफ हॉगनने उचललं.

लेफ जंगलात झाडं तोडण्याच्या कामावर असतो. आदल्याच दिवशी रस्त्यावर पाइनचं झाड आडवं पडून तो चार तास अडकला होता. मोबाइलला खोऱ्यात रेंज नाही. तो घरी पोचला तोवर त्याच्या बायकोने, कोरीनने, घरातल्या तारेच्या फोनवरून सासूला दोनदा आणि शेरीफला एकदा फोन केला होता आणि कपाटातला शोकाचा काळा ड्रेस इस्त्रीला काढायचा का, इथपर्यंत तिचा विचार गेला होता.

“हे घे,” लेफने आम्हा दोघींना टेबलावर ठेवलं. “आता शेरीफला नाही, थेट मला घाबरव.”

“मी घाबरले नव्हते,” कोरीन म्हणाली. “मी तयारीत होते.”

मला ती बाई तिथेच आवडली. शिकलेली, स्पोकेनच्या शाळेत ग्रंथपाल होती, वर्षभरापूर्वीच खोऱ्यात राहायला आलेली. आणि प्रत्येक गोष्ट दोनदा तपासणारी. आमची पुस्तिका तिने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. रेडिओला सरकारी परवाना लागतो. परीक्षा नाही, अर्ज भरायचा. आणि एका परवान्यात अख्खं घर येतं: नवरा, मुलं, सासू-सासरे, सगळे. कोरीनने अर्ज भरला, परवाना आला, तो तिने फ्रीजवर लावला आणि त्याची नक्कल पिठाच्या डब्यामागे ठेवली. का, ते विचारू नका.

आता टिल्डा.

टिल्डा हॉगन, वय आठ, पुढचे दोन दात अर्धेच आलेले. टिल्डाला सगळं येतं. हकलबेरी कुठे पिकल्यात, अस्वल कुठून गेलं, कुठल्या कोंबडीने अंडं कुठे लपवलं. फक्त ते सांगायला बसली की शब्द घशात अडकतो. सगळ्यात जास्त अडकतो तो तिचं स्वतःचं नाव सांगताना. जीभ टाळ्याला लागते ती लागतेच. आणि माणसं काय करतात? माणसं चांगली असतात, हीच अडचण आहे. ती तिचा शब्द पूर्ण करून देतात. “टिल्डा ना? हो हो, टिल्डा!” असं कुणी म्हटलं की तिचे खांदे खाली यायचे, जणू हातातली बादली कुणी काढून घेतली.

ऑगस्टमध्ये लेफच्या गाडीत वेगळा रेडिओ बसला आणि मी टिल्डाच्या वाट्याला आले. बहीण स्वयंपाकघरात कोरीनजवळ, मी टिल्डाबरोबर गवताच्या रानापलीकडे. पहिल्याच दिवशी टिल्डाने बटण दाबलं आणि “आई, मला कोल्हा” इथे अडली. एक, दोन, तीन, चार सेकंद. कोरीनला वाटलं झालं बोलून, म्हणून तिने उत्तर द्यायला बटण दाबलं. दोघी एकदम बोलल्या, कुणालाच काही कळलं नाही.

टिल्डा तणतणत घरी आली.

“आई, तू टुडुक ऐकलंस का?”

“नाही.”

“मग मी संपले नव्हते! टुडुक झाल्याशिवाय तू बोलायचं नाहीस. बोलायचं नाही म्हणजे नाही.”

एवढं लांब वाक्य ती न अडता बोलली, कारण ती चिडली होती. कोरीनने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी टिल्डा पुन्हा रानापलीकडे गेली. बटण दाबलं. “आई, मला कोल्हा…” आणि शांतता. मी तिच्या हातात होते; तिचा अंगठा पांढरा पडला होता, पण तिने तो उचलला नाही. सहा सेकंद. सात. पलीकडे कोरीनने हाताची घडी घातली होती, असं बहिणीने मला नंतर सांगितलं. “…दिसला. त्याला तीन पिल्लं आहेत.” अंगठा उचलला. टुडुक!

अहो, मला काय वाटलं म्हणून सांगू! छ्वानचौपासून मी टुडुक टुडुक करत आले होते, पण आपल्या टुडुकच्या अलीकडे कुणीतरी श्वास धरून बसलंय, हे पहिल्यांदाच होत होतं. जोवर मी वाजत नाही, तोवर जागा टिल्डाची. तिथे कुणी शिरायचं नाही. त्या आठवड्यात टिल्डा इतकं बोलली की माझी बॅटरी दिवसातून दोनदा बसायची. आणि मग तिने ठरवलं की आपण शनिवारच्या हजेरीत बोलायचं.

शनिवारी सकाळी दहाला खोऱ्यातली एकोणीस घरं रेडिओवर हजेरी देतात. कुणी आजारी आहे का, कुणाचा पंप बंद पडलाय, रस्ता कुठे खचलाय, सगळं त्यात कळतं. दर महिन्याला हजेरी घ्यायची पाळी एकेका घराची असते; पण ज्याला नको असतं त्याची पाळी ऑर्व्हल टॅगार्ट घेतात, आणि बहुतेकांना नको असतं. ऑर्व्हल कड्यावर राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. टेलिफोनच्या तारा ओढण्यात उमेदीची वर्षं गेली, खोऱ्यातल्या प्रत्येक घरात पहिली तार त्यांनीच नेली. त्यांच्या अंगणातला अँटेनाचा खांब पाइनपेक्षा उंच आहे. रेडिओच्या जगात दोघं एकदम बोलले तर ज्याचा आवाज जोरकस त्याचाच पोचतो. म्हणजे ऑर्व्हलचाच.

सप्टेंबरचा पहिला शनिवार. “हॉगन?” ऑर्व्हलने पुकारलं.

टिल्डाने बटण दाबलं. तिने आठवडाभर सराव केला होता. “ट…टिल्डा हॉगन, हजर. आमच्याकडे कोल्ह्याची तीन पिल्लं आहेत.” टुडुक!

मी माझं सगळ्यात सुरेख टुडुक केलं होतं.

“थांबा,” ऑर्व्हल म्हणाले. “ते काय वाजलं?”

“कोल्हा असेल!” फर्न मध्येच म्हणाली.

“फर्न, तुला पुकारलेलं नाही. मिसेस हॉगन, तुमच्या रेडिओवर तो पिपाणीचा आवाज चालू आहे. हे बेकायदेशीर आहे. सरकार आधी पत्र पाठवतं आणि मग परवाना काढून घेतं. तुमचा परवाना घरभराचा आहे ना? मग सगळ्यांचाच जाईल.”

“ऑर्व्ह, सकाळी सकाळी कशाला भुतं दाखवतोस त्या पोरीला?” फर्न म्हणाली.

“नियम नियम असतो. बोलणं संपलं की ‘ओव्हर’ म्हणावं. तोंड दिलंय त्यासाठी.”

कोरीनने बहिणीचं बटण दाबून तीनदा माफी मागितली. तीनदा! एक ऑर्व्हलची, एक सगळ्यांची आणि एक बहुधा सरकारची. तिच्या डोळ्यांसमोर काय उभं राहिलं असेल ते मी समजू शकते: परवाना गेला, लेफ डोंगरावर, रस्त्यात आडवा पाइन, आणि हातात मुका रेडिओ. नवीन माणसं आपण, कशाला वाद. तिने पुस्तिका काढली, माझ्या सेटिंगमधली एकोणचाळिसावी ओळ शोधली आणि टुडुक बंद केलं.

“मग मी काय करू?” टिल्डाने विचारलं.

“शेवटी ‘ओव्हर’ म्हण, राणी.”

“म्हणजे अजून एक शब्द?”

कोरीन पुस्तिका पुन्हा पहिल्या पानापासून चाळू लागली. माझ्याकडे तर आता अक्षरही नव्हतं.

पुढचा शनिवार, बारा तारीख. “हॉगन?” टिल्डाने बटण दाबलं. “ट…” आणि ती अडली. अंगठा घट्ट. आता इथे एक गोष्ट नीट ऐका, सगळं तिच्यावरच आहे. मी बोलणं पाठवत असताना मला ऐकू येत नाही. टिल्डालाही नाही. कुणीतरी बटण धरून आहे हे कळावं म्हणून पलीकडच्या रेडिओवर एक दिवा लागतो, पण तो बघतो कोण? फर्न अंडी पुसत असते आणि ऑर्व्हलचं लक्ष वहीत. त्यांनी मनात तीन मोजले, ऐकू तर काही आलं नाही. “हॉगन, गैरहजर. पुढे. लॉकवुड?” आणि त्यांच्या उंच खांबाखाली आमचं चिमुकलं बोलणं चिरडून गेलं. टिल्डा मात्र शेवटपर्यंत झुंजली. “…टिल्डा हॉगन, हजर. ओ…ओव्हर.” अंगठा उचलला तेव्हा पलीकडून फर्न आपली हजेरी देत होती. टिल्डाला वाटलं, आपलं झालं, पुढचं घर आलं. तिने स्वतःशीच मूठ हवेत उडवली.

हे सगळं ऐकलं ते एकटीने, स्वयंपाकघरात बसलेल्या कोरीनने.

“आई, ऐकलंस? जमलं!”

“ऐकलं,” कोरीन म्हणाली. आणि भांडी घासायला वळली. ती भांडी आधीच घासलेली होती.

एकोणीस तारखेलाही तेच. मी बहिणीला चार्जिंगच्या खाचेत विचारलं, कोरीन सांगत का नाही? बहीण म्हणाली, कसं सांगेल? सांगितलं तर मोडेल, नाही सांगितलं तर खोटं. आई असणं म्हणजे दोन चुकांतली कमी चूक निवडायची आणि ती कमी होती का, यावर आठवडाभर विचार करत बसायचं. मला तेव्हा गप्प राहण्यावाचून दुसरं येतही नव्हतं.

फुटायचं ते मंगळवारी फर्नच्या दुकानात फुटलं. मी टिल्डाच्या खिशात होते.

“काय गं, दोन शनिवार दिसली नाहीस? ताप आला होता का?” फर्नने विचारलं.

“मी होते.”

“कुठे होतीस? ऑर्व्हने दोन्ही वेळा गैरहजर लावलंय. मी वाट बघत होते पिल्लांचं काय झालं म्हणून.”

टिल्डाने वर आईकडे पाहिलं. खिशातून मला ते दिसलं नाही, पण तिचा हात माझ्याभोवती थंड पडला.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, “तू दुसऱ्या रेडिओवर ऐकत होतीस.”

“हो.”

“मग तुला माहीत होतं.”

“हो, राणी.”

टिल्डाने तोंड खिडकीकडे फिरवलं. घरी गेल्यावर तिने मला हातमोज्यांच्या खणात टाकलं आणि खण ढकलून दिला. मी तिथे लोकरीत तोंड खुपसून आठ दिवस पडून होते. कुणी विचारत नाही म्हटल्यावर रेडिओला काय काय वाटतं ते मी सांगणार नाही. रडगाणं मला आवडत नाही. पण खणाला फट होती आणि स्वयंपाकघरातलं ऐकू येत होतं.

आणि काय ऐकू येत होतं! कोरीन वाचत होती. गावातल्या ग्रंथालयातून तिने रेडिओचे सरकारी नियम छापून आणले होते, चाळीस पानं. ओटमील ढवळताना एक पान, कपडे वाळत घालताना एक पान. लेफ मोजे वाळवत शेगडीजवळ बसला होता.

“‘संगीत नको, शिट्ट्या नकोत, करमणुकीसाठी काढलेले आवाज नकोत,’” ती वाचत होती.

“मग झालं तर. म्हातारा बरोबर होता.”

“थांब ना! पुढे आहे. एकाने दुसऱ्याशी बोलणं जुळवायला किंवा चालू ठेवायला लागणारे छोटे सूर चालतात. फार लांबवायचे नाहीत, पंधरा सेकंदांच्या आत हवेत. लेफ! पंधरा सेकंद! टुडुक पाव सेकंदाचं आहे!”

“म्हणजे परवानगी आहे.”

“मला वाटतं आहे.”

“वाटतं?”

“मी वकील नाही, लेफ. मी पुस्तकं उशिरा परत करणाऱ्या मुलांना रागवायचे.” पानं पुन्हा उलटल्याचा आवाज. “पण मनाई कुठेच नाही. मी तीनदा पाहिलं. चौथ्यांदा पाहते.”

खणातल्या खणात मी उड्या मारत होते. मी कायदेशीर होते! जन्मल्यापासून होते आणि मलाच माहीत नव्हतं.

पाचव्यांदा पाहून झाल्यावर कोरीनने खण उघडला, मला कोटाच्या खिशात घातलं, चाळीस पानं आणि झुकिनीचा एक पाव घेतला आणि गाडी कड्यावर नेली. झुकिनीचा पाव न्यायचं कारण सप्टेंबरात खोऱ्यातल्या प्रत्येक परसात ही काकडीसारखी भाजी इतकी येते की कुणी फुकटही घेत नाही, पाव करून द्यावा लागतो.

ऑर्व्हलने दार उघडलं. पावाकडे पाहिलं. “तुम्हीही?” मागे टेबलावर असे चार पाव होते.

“मिस्टर टॅगार्ट, त्या टुडुकबद्दल विचारायला आले. मनाई कुठल्या पानावर आहे?”

“सगळ्यांना माहीत आहे ती.”

“हो, पण कुठल्या पानावर?” तिचा आवाज इतका कापत होता की खिशात मीही कापत होते. “मी पाच वेळा वाचलं. मला सापडत नाही. मी चुकत असेन. मी बऱ्याचदा चुकते. तुम्ही दाखवाल का?”

ऑर्व्हलने कपाट उघडलं. वह्या, नकाशे, तारांचे तुकडे. बराच वेळ धुंडाळलं. मग खुर्चीत बसले. “मला कामावरच्या अर्लने सांगितलं होतं. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली.”

“आणि अर्लना?”

त्यांनी दाढी खाजवली. “अर्ल फार खात्रीने बोलायचा,” ते शेवटी म्हणाले. “त्या काळी लोक रेडिओवर कोंबड्यासारखे आरवायचे हो. भोंगे वाजवायचे. कान किटले होते. मला तो आवाज सहन होत नाही.”

“ते कळतं मला. पण हा कोंबडा नाही. ही माझ्या मुलीची खूण आहे, बोलणं संपल्याची.” कोरीनने श्वास घेतला आणि सगळं एका दमात सांगितलं: अडणारं नाव, धरून ठेवलेला अंगठा, तीन मोजणं, उंच खांब. “तुम्ही दोन शनिवार तिला गैरहजर लावलंत. ती त्या वेळी बोलत होती, मिस्टर टॅगार्ट. मी ऐकत होते, आणि मीही काही केलं नाही.”

ऑर्व्हलने हजेरीची वही ओढली. या माणसाने खोऱ्यातल्या प्रत्येक घराला तारेने जोडलं होतं. त्यांच्या वहीत चूक निघत नाही, असं फर्नसुद्धा मानते. ती वही पेनानेच लिहायची आणि तीत खाडाखोड करायची नाही, अशी त्यांची शिस्त. चूक झालीच तर तिच्यावर एकच सरळ रेघ ओढायची, आधीचं वाचता येईल अशी, शेजारी खरं काय ते लिहायचं आणि खाली सही. कोरीनने वाकून पाहिलं. बारा सप्टेंबर, हॉगन, ‘गैरहजर’वर रेघ. एकोणीस सप्टेंबर, ‘गैरहजर’वर रेघ. शेजारी दोन्हीकडे तेच दोन शब्द. मग सही.

“पुढच्या शनिवारी पाळी कुणाची?” त्यांनी विचारलं.

“आमची. टिल्डाला हजेरी घ्यायची होती. आता ती रेडिओला हात लावत नाही.”

“मग तुम्ही घ्या,” ऑर्व्हल म्हणाले. “आणि मला पुकारायला विसरू नका.”

ऑक्टोबरचा पहिला शनिवार. खिडकीबाहेर लार्चची झाडं पिवळीधमक झालेली. कोरीन बहिणीला हातात धरून टेबलाशी बसली, समोर एकोणीस नावांची यादी. मी टेबलावर, यादीशेजारी. टिल्डा टेबलाखाली मांजराबरोबर, पाठ फिरवून.

कोरीनने पहिली चार नावं पुकारली. प्रत्येक वेळी तिने आधी ओठांवरून जीभ फिरवली. पाचवं नाव: “टॅगार्ट?”

“हजर,” ऑर्व्हलचा आवाज आला. “आणि वहीतली एक दुरुस्ती वाचून दाखवायची आहे. बारा आणि एकोणीस सप्टेंबर. हॉगन. ‘गैरहजर’ खोडलं. त्या जागी वाचावं, ‘बोलत होती’. चूक माझी. ऑर्व्हल टॅगार्ट.” घसा खाकरल्याचा आवाज. “दुसरं. त्या टुडुकला नियमात मनाई नाही. मला तो आवाज आवडत नाही. हे दोन वेगळे विषय आहेत, असं माझ्या लक्षात आणून देण्यात आलं आहे. यापुढे हॉगनांकडून टुडुक येईपर्यंत कुणीही बटण दाबायचं नाही. मीसुद्धा. फर्न, हे खास तुझ्यासाठी. ओव्हर.”

टेबलाखाली मांजर म्यावलं, कारण टिल्डाने त्याला फार घट्ट धरलं होतं.

“त्यांनी काय लिहिलं?” खालून आवाज आला.

“‘बोलत होती,’” कोरीन म्हणाली.

“पेनाने?”

“पेनाने.”

टिल्डा बाहेर आली. केसांना पावाचा चुरा लागलेला. तिने मला उचललं, मेन्यू उघडला, एकोणचाळिसावी ओळ स्वतःच शोधली. माझ्या पोटात कुठेतरी काहीतरी मोकळं झालं. मग तिने आईपुढची यादी आपल्याकडे ओढली. सहावं नाव लॉकवुड, पण तिला घराचं नाव नको होतं. तिला माणूस हवं होतं. तिने बटण दाबलं.

“फ…”

‘फ’वर ती नेहमी अडते. वारा सुटतो आणि शब्द येत नाही. तीन सेकंद. चार. कोरीनचा हात आपोआप पुढे झाला, मदतीला, शब्द पूर्ण करून द्यायला. तिने तो ओढून मांडीखाली घेतला आणि वर बसली. सहा. सात. तिचा दुसरा हात बहिणीवर होता आणि बहिणीतून एकही शब्द येत नव्हता. बाकीची अठरा घरं, अठरा अंगठे, आणि एकही बटणावर नाही. नऊ. दहा. टिल्डाच्या कपाळावर घाम आला होता, डोळे मिटले होते, पण अंगठा! काय तो अंगठा! अकरा.

“…फर्न. पिल्लं आता अंगणात येतात. तुम्ही हजर आहात का?”

टुडुक!

“हजर, बाई, हजर!” फर्न किंचाळली. “आणि डोळ्यांत काही गेलेलं नाही माझ्या, कुणी विचारू नका!”

आता माझी कहाणी संपत आली. त्या दिवसाला दीड वर्ष झालं. माझ्या बॅटरीचं झाकण चिकटपट्टीने बसवलंय, आवाजाचा खटका पिल्लांपैकी एकाने चावलाय. टिल्डा अजूनही अडते. माझ्याकडे औषध नाही, फक्त अक्षर आहे. पूर्वी चौदा मिनिटांत आटपणारी हजेरी टिल्डा घेते त्या महिन्यात चाळीस मिनिटं चालते. ऑर्व्हलची तक्रार आहे की तेवढ्या वेळात त्यांची कॉफी गार होते. त्यांनी थर्मास घेतलाय. टुडुक त्यांना आजही आवडत नाही, आणि मी त्यांचा राग धरत नाही. कोरीन अजून दर महिन्याला नियम वाचते, बदलले असतील तर म्हणून.

तुमच्याकडे एक विनंती आहे. तुमच्या घरातही कुणीतरी वाक्याच्या मध्येच थांबत असेल. त्यांच्याजवळ माझ्यासारखं कुणी नसेल, म्हणून शांतता ऐकली की तुम्हाला वाटेल, झालं यांचं. तीन मोजून पुढच्या नावावर जाऊ नका. चार मोजा. अकरा मोजा. हात शिवशिवलेच तर त्यांच्यावर बसा, कोरीनसारखे.

अजून बरंच सांगायचं होतं, पण दहा वाजले. टिल्डाने यादी समोर घेतलीय आणि तिचा अंगठा माझ्या कडेवर आलाय. दाबलं तिने. आता मी गप्प.